फाउंटन पेनाच्या टोपणात अडकलेली ओल: ती कशी काढावी आणि टोपण कसे वाळवावे

पारदर्शक फाउंटन पेन धुऊन, पुसून टेबलावर ठेवले की पुष्कळदा टोपणाच्या शेंड्याजवळ, आतल्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मधे, पाण्याचा एक थेंब अडकून बसलेला दिसतो. टोपण उपडे करावे, तळहातावर आपटावे, फुंकर मारावी, तरी तो जागचा हलत नाही. अपारदर्शक टोपणात तो दिसत नाही इतकेच. असतो मात्र तिथेही, आणि न दिसल्यामुळे महिनोन्महिने राहतो. नाशिकमध्ये जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवाच ओली असते आणि श्रावणात तर कपाटातले कागददेखील सादळतात, त्यामुळे हा थेंब आपोआप वाळेल या भरवशावर येथे राहता येत नाही. तो कुठून येतो, का अडकतो आणि पेनाला इजा न करता बाहेर कसा काढावा, हे येथे सविस्तर सांगितले आहे. सगळ्या कामात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: अडकलेले पाणी ओढून काढायचे असते, तापवून घालवायचे नसते.

टोपणाच्या आत काय असते

बाहेरून एकसंध दिसणारे टोपण बहुतेक वेळा दुहेरी असते. त्याच्या आत प्लास्टिकचे किंवा एबोनाइटचे (कडक रबराचे) एक छोटे टोपण घट्ट बसवलेले असते. पेन बंद केले की बोटांनी धरायची पकड या आतल्या टोपणाच्या कडेवर टेकते आणि निबेभोवती जवळजवळ हवाबंद अशी खोली तयार होते. ही खोली नसती तर निबेखालच्या खाचदार जिभेतली शाई रात्रीतून सुकली असती आणि सकाळी पेन चालू झाले नसते. म्हणून निबेभोवतीची थोडी ओल हा दोष समजू नये. पेनाला ती लागतेच. प्लॅटिनम कंपनीच्या ३७७६ सेंच्युरी या पेनात तर आतले टोपण स्प्रिंगवर बसवलेले असते आणि पेन बंद करताना ते निबेभोवती पकडीवर दाबले जाते, इतकी काळजी या ओलीसाठी घेतलेली असते.

अडचण होते ती आतल्या आणि बाहेरच्या टोपणाच्या मधल्या फटीत. ज्या केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव ओढला जाण्याच्या गुणाने, शाई निबेच्या चिरेतून कागदापर्यंत उतरते, त्याच केशाकर्षणाने पाणी या फटीत शिरते आणि दोन्ही भिंतींना धरून राहते. या ओढीपुढे एका थेंबाच्या वजनाची मात्रा चालत नाही, म्हणून टोपण रात्रभर उपडे ठेवले तरी निथळते ते फक्त मोकळ्या पोकळीतले पाणी. फटीत राहिलेल्या पाण्यात धुताना सुटलेली शाई असतेच. तिने पोलादी क्लिपच्या मुळाशी गंज धरतो, पितळी कड्यावर कळंक चढतो, पारदर्शक प्लास्टिकवर रंगाची झाक बसते आणि फार दिवस राहिल्यास बुरशीही लागते. यांपैकी गंज आणि रंग हे दोन्ही नंतर पूर्णपणे जात नाहीत, म्हणून वेळच्या वेळी टोपण कोरडे करण्याला महत्त्व आहे.

वाफ, थेंब आणि शाई यांतला फरक

टोपणात ओल दिसली की लगेच धुवायला घेण्याची गरज नसते. आधी ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, आणि १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. टोपणाच्या आतली जागा तीन मिलिलिटर धरली तर ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेतसुद्धा तिच्यात एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहून कमी पाणी असते. याउलट पाण्याचा साधा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. याचा अर्थ असा की थंडीत, निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, खिडकीजवळ ठेवलेल्या पेनाच्या टोपणावर सकाळी आतून जे धुके दिसते, ते नगण्य पाण्याचे असते आणि पेन खोलीच्या उबेत आले की विरते. त्याच्यासाठी काहीही करू नये.

रंगहीन थेंब दिसले तर मात्र ते टोपणातल्या तेवढ्याशा हवेतून आलेले नसतात. एक तर ते धुतल्याचे पाणी असते, नाहीतर शाईतले पाणी उडून टोपणाच्या गार भिंतीवर जमलेले असते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या जागी, उदाहरणार्थ पश्चिमेच्या खिडकीतल्या टेबलावर किंवा उभ्या गाडीच्या कप्प्यात, पेन आठवडाभर पडून राहिले की हे होते. अशा वेळी निबेतली शाई दाट झालेली असते आणि पहिल्या ओळी नेहमीपेक्षा गडद उमटतात, ही त्याची खूण. थेंब रंगीत असतील तर ती शाईच आहे, आणि तिचा विचार पुढे केला आहे.

याच हिशोबातून वाळण्याला इतका वेळ का लागतो हेही कळते. फटीतला एक थेंब केवळ हवेने वाळवायचा तर, हवा पूर्ण कोरडी असली तरी, टोपणातली हवा साडेपाचशे वेळा बदलावी लागेल; आणि हवेत आधीच ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर पावणेतीन हजारांच्या घरात. टोपण एका बाजूने बंद, फट केसाएवढी, आणि बाहेर श्रावण. एप्रिलमध्ये एका दुपारी होणाऱ्या कामाला जुलैत आठवडा का लागतो, याचे कारण हे आहे.

साहित्य आणि पाणी

साहित्य फारसे लागत नाही. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज, पांढरे टिश्यू पेपर, मिळाल्यास टीपकागद, कापूस लावलेल्या काड्या, जुन्या सुती कपड्याचे मऊ फडके, स्वच्छ सुती मोजा आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवण्याचा रबरी ब्लोअर इतके पुरते. टीपकागद आता पूर्वीइतका सहज मिळत नाही. नाशिकच्या मेन रोड किंवा रविवार कारंज्याच्या बाजूला गेलात तर स्टेशनरीच्या जुन्या दुकानात विचारून पाहावे. नाही मिळाला तर टिश्यू पेपरवर काम भागते. डबाबंद दाबाची हवा मात्र वापरू नये, कारण डबा तिरपा झाला की तिच्यातून अतिशय थंड द्रव बाहेर येतो आणि प्लास्टिकला तडा जाऊ शकतो.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. शहराला गंगापूर धरणाचे पाणी मिळते आणि धुण्याला ते चालते. पण नव्या वसाहतींत अनेक इमारतींना बोअरवेलचे पाणी जोडलेले असते आणि त्यातले क्षार वाळल्यावर पारदर्शक टोपणाच्या आत पांढरे डाग सोडतात. हे डाग फटीत पडले तर पुसायला हात पोचत नाही. म्हणून धुणे कोणत्याही पाण्याने झाले तरी शेवटी टोपण डिस्टिल्ड वॉटरने विसळावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी यासाठी योग्य आहे. मात्र बॅटरीच्या दुकानात बॅटरीचे आम्लही तशाच डब्यांत मिळते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. ते शक्य नसेल तर घरच्या आरओ यंत्राचे पाणी बऱ्यापैकी चालते.

धुणे

आधी टोपण पेनापासून वेगळे करून पेन निब वर करून उभे ठेवावे. पेनात शाई असली तरी टोपण एकटे धुता येते; त्यासाठी पेन रिकामे करण्याची गरज नाही, पण टोपण वाळेपर्यंत निब उघडी राहणार असेल तर ती ओलसर टिश्यूत गुंडाळून छोट्या पिशवीत ठेवावी. नंतर टोपणाचे तोंड, आतले आटे आणि आतल्या टोपणाची कड हे तीन भाग ओल्या काडीने पुसावेत. शाई साचते ती प्रामुख्याने याच कडेवर. काडी फिरवली की तिच्यावर निळे-काळे कडे उमटते आणि किती शाई होती ते कळते.

मग ग्लासभर साध्या पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब घालावा, सिरिंज भरून घ्यावी आणि टोपण बेसिनवर तोंड खाली करून, तिरपे धरून पाण्याची धार थेट फटीच्या दिशेने मारावी. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे, नंतर साबण निघून जाईपर्यंत साधे पाणी, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. पाणी खोलीच्या तपमानाचेच असावे. हिवाळ्यात हात गारठतात म्हणून कोमट घेतले तर ते हाताला ऊब जाणवेल न जाणवेल इतकेच कोमट असावे.

टोपण पाण्यात भिजत ठेवावे का, याचे उत्तर टोपण कशाचे आहे यावर अवलंबून आहे. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे साधे टोपण अर्धा तास भिजले तरी बिघडत नाही. एबोनाइटचे टोपण भिजवू नये. रबरात गंधक घालून तयार केलेला हा पदार्थ पाणी, उष्णता आणि ऊन यांनी काळ्याचा तपकिरी होतो आणि गेलेला रंग घासल्याशिवाय परत येत नाही. राजमहेंद्रीची रत्नम पेने आणि आपल्याकडे हाताने बनवलेली पुष्कळ जुनी पेने याच पदार्थाची असतात. केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून बनवलेले टोपण पाण्याने फुगते, म्हणून ते केवळ ओल्या काडीने पुसावे. स्प्रिंगचे आतले टोपण, लाकडी आवरण, मुलामा दिलेले धातूचे टोपण आणि गोंदाने चिकटवलेले कडे यांनाही भिजवणे वर्ज्य आहे.

वाळलेली शाई साबणाच्या पाण्याने सुटत नसेल तर पाणी बदलत राहून पुन्हा पुन्हा धुणे हाच मार्ग आहे. रॉयल ब्ल्यूसारखी शाई चटकन निघते. परमनंट शाईला वेळ लागतो, आणि रंगकणांची शाई एकदा वाळली की पाण्याला फारशी दाद देत नाही. तरीही स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ब्लीच यांच्याकडे वळू नये. सेल्युलॉइड (जुन्या पेनांचे प्लास्टिक) रिमूव्हरमधल्या ॲसिटोनमध्ये विरघळते, स्पिरिटने ॲक्रिलिकवर बारीक भेगांचे जाळे उमटते आणि ब्लीच धातूचा भाग खाते. निब आणि जीभ धुण्यासाठी काही जण अमोनियाचे सौम्य पाणी वापरतात. पण टोपणात पितळ असते, आणि पितळ व अमोनिया यांचे सख्य नाही, म्हणून टोपणासाठी ते टाळावे.

पाणी ओढून काढणे

धुणे संपले की खरे काम सुरू होते. प्रथम मोकळ्या पोकळीतले पाणी काढावे: फडक्याचे टोक पिळून आत फिरवावे आणि टोपण पाच मिनिटे दुमडलेल्या टिश्यूवर उपडे ठेवावे. त्यानंतर फटीतल्या पाण्याला बाहेर यायला भाग पाडायचे. त्यासाठी मोज्याच्या टोकाशी टिश्यूचा बोळा बसवावा, त्यावर टोपण तोंड टोकाकडे करून ठेवावे, टोपणाच्या मागे मोज्याला पीळ देऊन गाठ मारावी, म्हणजे टोपण आत उलटणार नाही. मग मोकळ्या जागी, आसपास कोणी नाही असे पाहून, मोजा गोल फिरवावा. हाताच्या मुठीपासून टोपण अर्धा मीटर अंतरावर असेल आणि सेकंदाला दोन फेरे होत असतील तर फटीतल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या आठ पट जोर पडतो. उपडे ठेवून जे निथळले नाही ते बहुतेक येथे निथळते आणि बोळ्यावर ओला डाग दिसतो. बोळा बदलून पुन्हा एकदा फिरवावे. जुन्या, आधीच तडा गेलेल्या टोपणाला मात्र हा उपाय करू नये. मोजा नको वाटल्यास टोपणाचा बंद शेंडा फडक्यात घट्ट धरून, तापमापकातला पारा उतरवताना देतात तसे मनगटाचे झटके गादीवर उभे राहून द्यावेत, म्हणजे निसटले तरी टोपण फुटणार नाही.

राहिलेल्या पाण्यासाठी वात वळावी. टिश्यू पेपरची एक सेंटिमीटर रुंद आणि दहा-बारा सेंटिमीटर लांब पट्टी तिरपी कापावी, म्हणजे एक टोक निमुळते होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून निमुळत्या टोकाकडून अर्ध्या लांबीपर्यंत हलका पीळ द्यावा आणि उरलेला अर्धा भाग सपाटच ठेवावा. पीळ फार घट्ट झाला तर कागदाच्या तंतूंमधली जागाच नाहीशी होते आणि वात पाणी ओढत नाही. फार सैल राहिला तर ती फटीत शिरताना मुडपते. समईच्या कापसाच्या वाती देवघरात हाताशीच असतात आणि पाणीही चांगले ओढतात, पण त्यांचे तंतू सुटून फटीत राहतात आणि पुढे तेच तंतू शाई धरून ठेवतात, म्हणून कागदाची वातच बरी. तिचे टोक डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर करावे, कारण ओला कागद कोरड्यापेक्षा लवकर ओढ घेतो. मग ती आतल्या टोपणाच्या कडेवरून फटीत सरकवावी आणि अडेल तिथे थांबावे; रेटू नये. टोपण तोंड खाली करून तिरपे टेकवावे आणि वातीचा सपाट भाग बाहेर पसरून ठेवावा, म्हणजे वातीत आलेले पाणी तिथून उडत राहील आणि आतले पाणी त्याच्या मागोमाग येत राहील.

पारदर्शक टोपणात हे घडताना पाहता येते. थेंबाला वातीचे टोक लागले की त्याची गोल कड एका बाजूने चपटी होते, मग तो लांबट होतो आणि काही मिनिटांत भिंतीवर फक्त ओलसर पापुद्रा उरतो. फटीत काळी शाई राहिलेली असेल तर वातीवर ती एकाच रंगाने चढत नाही. पुष्कळ काळ्या शाया अनेक रंग मिसळून केलेल्या असतात. कागदावर चढताना ते रंग वेगवेगळ्या गतीने जातात आणि वातीवर निळा, जांभळट, पिवळसर असे पट्टे अलग दिसतात. हे पट्टे दिसले तर टोपण अजून स्वच्छ झालेले नाही असे समजावे आणि सिरिंजने पुन्हा धुऊन घ्यावे. अर्ध्या तासाने वात बदलावी, आणि नवी वात कोरडी व पांढरी बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवावे.

काही टोपणांत आतल्या टोपणाची कड बाहेरच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तोंडाकडून फट मिळतच नाही. अशा वेळी पाणी क्लिपच्या मुळाशी असलेल्या खाचेतून किंवा टोपणाच्या बारीक छिद्रातून शिरलेले असते, तेव्हा टीपकागदाची पातळ पट्टी तिथेच टेकवून ठेवावी. हाताने बनवलेल्या अनेक पेनांचे शेंड्यावरचे बोंड आट्यांचे असते. रबराचा तुकडा धरून हलक्या हाताने फिरवून पाहावे. ते सुटले तर क्लिप मोकळी होते आणि टोपण दोन्ही बाजूंनी उघडे पडून तासाभरात वाळते. ते हलत नसेल तर चिकटवलेले आहे असे समजून सोडून द्यावे. पक्कड लावू नये.

उरलेली ओल वाळवणे

वातीने थेंब निघाला तरी पापुद्रा राहतो, आणि तो मात्र हवेनेच वाळवायचा. फट आणि तोंड रबरी ब्लोअरने दहा-पंधरा वेळा फुंकून घ्यावे. तोंडाने फुंकू नये, कारण आपला श्वासच दमट असतो. ऑक्टोबर ते मे या काळात पंख्याखाली, तोंड थोडे खाली आणि वाऱ्याकडे करून, टोपण एक रात्र ठेवले की पुरते. पावसाळ्यात खिडकीजवळची हवा निरुपयोगी असते. एसी चालू असलेली खोली असेल तर तिथे ठेवावे, कारण एसी हवेतले पाणी काढून टाकतो. नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून त्यात टोपण ठेवावे. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, नारंगी दाणे हिरवट होतात, आणि रंग बदलला की त्यांची शक्ती संपली असे समजावे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हा विषारी पदार्थ असतो, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या भट्टीत तापवून पुन्हा वापरण्याच्या भरीस पडू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. साध्या टोपणाला डब्यात एक-दोन रात्री पुरतात. लाकूड, केसीन आणि जुने सेल्युलॉइड यांना अतिकोरडी हवा मानवत नाही. त्यांना डब्यात न ठेवता पंख्याखाली अधिक दिवस द्यावेत.

हेअर ड्रायर, इस्त्रीचा गरम पृष्ठभाग, गॅसची शेगडी आणि दुपारचे ऊन या चारांपासून टोपण दूरच राहिले पाहिजे. उष्णतेने प्लास्टिकचे तोंड लंबगोल होते आणि मग आटे बसत नाहीत. जुन्या पेनांतले जोड ज्या लाखेने बसवलेले असतात ती मऊ पडते. आणि सेल्युलॉइड तर ज्वालाग्राही आहे, त्याच्याजवळ गरम हवा नेणे धोक्याचे आहे. तांदळाच्या डब्यात टोपण पुरून ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तांदूळ अशा कामात फारसे पाणी शोषत नाहीत, त्यांची पिठूळ धूळ मात्र ओल्या फटीत जाऊन चिकटते, आणि बुरशीला तेच हवे असते.

अपारदर्शक टोपण वाळले की नाही हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे वजन. शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घरी असेल तर धुण्यापूर्वी, धुतल्यावर आणि नंतर सकाळ-संध्याकाळ टोपणाचे वजन करून लिहून ठेवावे. एक थेंब ०.०५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे तो राहिला असेल तर काट्यावर दिसतो. लागोपाठच्या दोन नोंदींत वजन उतरले नाही की टोपण कोरडे झाले. काटा नसेल तर कोरड्या टिश्यूची सुरळी आत घालून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ती ओठांना लावून पाहावी. बोटांना न कळणारी ओल ओठांना कळते.

ओल पुन्हा का येते

टोपण नीट वाळवूनही आठवड्याभरात आत रंगीत थेंब दिसू लागले तर टोपणाला दोष देण्यापूर्वी पेन वापरण्याच्या सवयी पाहाव्यात. सर्वांत मोठे कारण शाई भरण्याच्या वेळी घडते. दौतीत बुडवून पेन भरले की निब आणि पकड शाईने माखते. ती घाईत नुसती पुसून टोपण लावले की पकडीच्या कडेवरची शाई आतल्या टोपणाच्या कडेला लागते आणि केशाकर्षणाने फटीत जाते. भरल्यावर निबेची पाठ, जिभेचे पोट, पकड आणि पकडीच्या मागचे आटे हे सगळे फडक्याने टिपून घ्यावे, एक मिनिट थांबावे, पुन्हा टिपावे आणि मगच टोपण लावावे. या एका मिनिटाने बहुतेकांची तक्रार मिटते.

दुसरे कारण म्हणजे हादरे आणि उष्णता. खिशात पेन लावून रोज स्कूटरने सातपूर-अंबडला जाणाऱ्या माणसाच्या पेनाला दोन्हींचा त्रास होतो. अंगाच्या उबेने पेनातली हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते. पेन जितके रिकामे, तितकी आत हवा जास्त आणि ढकलणेही जास्त. म्हणून प्रवासाला निघताना पेन भरलेले असावे आणि निब वर राहील असे ठेवावे. घट्ट बसणारे टोपण झटक्याने ओढून काढले तर आत क्षणभर पोकळी निर्माण होते आणि ती निबेतून शाई ओढते. खटक्याचे टोपण किंचित वळवून, सावकाश काढावे.

या सवयी सुधारूनही फरक पडला नाही तर गळती शोधावी. कोरडे टोपण लावून पेन एक रात्र जागेवर, निब वर करून, न हलवता ठेवावे. सकाळी टोपण स्वच्छ असेल आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेल्यावरच शाई दिसत असेल, तर कारण हादरे किंवा उष्णता हेच आहे. न हलवताही पकडीवर शाई आली तर पकडीला बारीक तडा गेला असण्याची, निब-जीभ सैल बसली असण्याची किंवा कार्ट्रिज-कन्व्हर्टरचे (पेनात बसवायच्या शाईच्या नळीचे) तोंड पक्के न बसण्याची शक्यता धरावी. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात आट्यांवरचे सिलिकॉन ग्रीस संपले की शाई आट्यांतून पाझरते. तिथे काडीच्या टोकावर येईल इतके ग्रीस पुरे होते. ते टोपणाच्या आत लावू नये.

टोपणातून कुबट वास येत असेल किंवा कडेवर करडी, चिकट साय दिसत असेल तर ती बुरशी आहे, आणि तेव्हा टोपण वाळवून भागत नाही. पेनातली शाई टाकून द्यावी, दौतीत परत ओतू नये. ज्या दौतीतून ती भरली होती ती उजेडात धरून तरंगणारे पुंजके आहेत का ते पाहावे, आणि असतील तर दौतही टाकावी. पेन आणि टोपण साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन, वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण कोरडे करून आठ दिवस उघडे ठेवावे आणि वास परत येत नाही याची खात्री झाल्यावर नव्या दौतीतून भरावे.

संग्रहातली जी पेने पावसाळाभर वापरायची नसतील ती मेअखेरीस, हवा कोरडी असतानाच धुऊन वाळवून घ्यावीत. त्यांची टोपणे घट्ट न लावता नुसती टेकवून, सुती कापडाच्या खणांत ठेवावीत; रेक्झिनच्या किंवा प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवू नयेत. एबोनाइटची पेने प्रकाशापासून दूर आणि सेल्युलॉइडची पेने इतरांपासून वेगळी, हवा खेळती राहील अशा जागी असावीत. गणपतीच्या सुमारास एकदा हे खण उघडून प्रत्येक टोपणात कोरडी काडी फिरवावी. तिला ओल किंवा रंग लागला तर त्या पेनाची वात लगेच वळावी, दिवाळीपर्यंत थांबू नये.